साडेतीन मिनिटांची माणसं

"आवाज आला की बटण दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं. सोपं आहे," काचेपलीकडून तो म्हणाला, आणि तिनं लगेच बटण दाबलं.

"अजून सुरू नाही केलं मी."

"सॉरी. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

काय वाटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. गेले काही आठवडे तिच्या उजव्या कानात एक बारीक सूर लागून राहिला होता. किटली उकळायच्या जरा आधी जसा लागतो तसा. घरात लहानपणापासून तिला भुंगा म्हणत, कारण जेवताना, न्हाताना, परीक्षेला बसतानासुद्धा ती काहीतरी गुणगुणायची. आता भुंग्याच्याच कानात भुंगा शिरला म्हणून ताई पोट धरधरून हसली होती, आणि हसून झाल्यावर ताईनंच नंबर लावून तिला इथे पिटाळलं होतं.

कान तपासायची ती खोली म्हणजे एक मोठं कपाटच. फोमच्या भिंती, जाडजूड दार, एक खुर्ची आणि समोर दुहेरी काचेची छोटीशी खिडकी. खिडकीत तो. कानामागे पेन्सिल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नजर यंत्राच्या खटक्यांवर. त्यानं मान वर केली. तिनं बटण दाबलं.

"आताही आवाज नव्हता," तो म्हणाला. पण हे म्हणताना त्याला हसू आलं, आणि ते लपवायला तो उगाचच कागदावर काहीतरी लिहायला लागला.

सगळं आटोपल्यावर त्यानं निकाल सांगितला. "कान उत्तम आहेत तुमचे. जरा जास्तच उत्तम. हेडफोनवर मोठ्यानं ऐकणं कमी करा, सूर जाईल हळूहळू. काय करता तुम्ही?"

"गाणी."

"गाता?"

"लिहिते, चाल लावते, गाते, रेकॉर्ड करते, पोस्टर चिकटवते. तिकिटं मात्र ताई विकते. मला लोकांना 'घ्या' म्हणता येत नाही."

"आणि स्वस्थ कधी बसता?"

"तेच तर जमत नाही."

जायला निघाली आणि दारातच घुटमळली. "ही खोली... रविवारी रिकामी असते का हो?"

"का?"

"इतकी शांत खोली मी जन्मात पाहिली नाही. मी घरी कपाटात डोकं घालून गाते. कोटांच्या मधे. तरी खालच्या मजल्यावरचा मिक्सर गाण्यात येतोच."

"आत्याला विचारावं लागेल. दवाखाना तिचा आहे."

"आत्या रागीट आहेत?"

"आत्या कानाची डॉक्टर आहे. ऐकून घेते."

आत्यानं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली, बूट बाहेर. मग दर रविवारी सकाळी तो किल्ली घेऊन यायचा, ती गिटार घेऊन. दोघांचे बूट दाराबाहेर शेजारी शेजारी पडलेले असायचे. ती आत गायची. तो काचेपलीकडे बाकावर जाडी कादंबरी उघडून बसायचा आणि तिच्या लक्षात यायचं, दोन गाणी झाली तरी पान उलटलेलं नाही.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी केलं, यावर त्यांचं अजूनही एकमत नाही.

"तुझी सगळी गाणी ऐकली मी," एकदा चहाचा कप पुढे करत तो म्हणाला. "ओळीनं. पहिल्यापासून."

"बाप रे. रडलास?"

"रडलो नाही. पण त्या तीन जणांची काळजी वाटली."

"कुठले तीन?"

"एक तो स्टेशनवर मागे न बघणारा. एक तो झाडांना पाणी घालायला विसरणारा. आणि एक तो... ज्याच्या शर्टाचा वास उशीला होता. कुठे असतात आता?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "झाडवाला दोन गल्ल्या सोडून राहतो. दिसला की मी रस्ता बदलते."

"तो बदलत नाही?"

"तो माझ्या कार्यक्रमाला येतो. तिकीट काढून. पुढच्या रांगेत बसतो आणि शेजारच्याला सांगतो, हे माझ्यावर आहे म्हणून."

तो इतका हसला की चहा सांडला. ताईचं याबाबतीतलं मत तर प्रसिद्धच होतं. ताई म्हणायची, "तुझं प्रत्येक प्रेम म्हणजे साडेतीन मिनिटं. मधे एक बासरी."

हसू ओसरल्यावर त्यानं रुमालानं बाक पुसला, आणि पुसतच राहिला. "एक मागू?"

"माग की."

"मला गाणं करू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे मला... पुढच्या रांगेत नाही बसायचं. मला तुझ्या घरात बसायचंय."

तिनं मान डोलावली. मग दोघं चालत निघाले. भुरभुर पाऊस होता, छत्री त्याच्याकडे होती आणि उघडायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. कोपऱ्यावर त्यानं तिच्या गिटारचा पट्टा खांद्यावरून सरळ केला. एवढंच. पण तिला त्या रात्री झोप लागली नाही.

झोप लागली नाही ती लागलीच नाही. कारण आता एक भलतंच संकट उभं राहिलं. तिच्या नव्या संग्रहात आठ गाणी व्हायची होती. सात झाली होती. शनिवारी एका पुस्तकाच्या दुकानाच्या माडीवर ती सगळी पहिल्यांदा गायची होती. तिकिटं संपली होती, ताईनं पोस्टरवर 'आठ नवी गाणी' असं ठसठशीत छापून घेतलं होतं. आणि आठवं काही येईना. गिटार घेतली की बोटं नाचायची, शब्द गोड गोड यायचे, आणि तिला स्वतःचाच कंटाळा यायचा. तिला रडूनच गाता येत होतं, आणि आता रडायला काही कारण उरलं नव्हतं. ती खोलीत येरझाऱ्या घालायची, खिडकी उघडायची, लावायची. सुखानं माणूस इतकं बेचैन होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी त्याला यायला उशीर झाला. थोडासाच. तो धापा टाकत आला, केस भिजलेले, हातात किल्ली.

"ये ना, आरामात ये," ती म्हणाली. "मी काय, दारातच उभी राहायला जन्मलेय."

"अगं, बस चुकली."

"तुझी नेहमी बसच चुकते. मी उभी असते तुझ्या दारात, आणि तू असतोस वाटेत..."

तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. तिच्या उजव्या हाताकडे बघत होता. तिनं खाली पाहिलं. तिची बोटं मांडीवर ठेका धरून होती.

"तू माझ्याशी भांडतेयस," त्यानं हळूच विचारलं, "की तालीम करतेयस?"

तिची बोटं थांबली. त्यानं किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. "झालं की दार ओढून घे. किल्ली आत्याकडे दे."

आणि काय सांगावं, गाणं आलं. घरी पोचेपर्यंत मुखडा, संध्याकाळपर्यंत सगळं.

*उंबऱ्यात तुझे बूट नाहीत,*
*माझ्या पायांना जागाच जागा...*

ताईनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं ऐकलं, आणि ओल्या हातानंच डोळे पुसले. "आजवरचं सगळ्यात चांगलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि मग तिनं ते केलं, जे फक्त गाणी करणारं माणूसच करू शकतं. माफी मागायची म्हणून तिनं ते गाणं त्याला पाठवून दिलं.

तिला खरंच वाटलं होतं, तो ऐकेल आणि धावत येईल. उत्तर आलं ते असं: *सुंदर आहे. फक्त त्यात मी सोडून गेलोय. मी तर घरीच होतो, तुझ्या फोनची वाट बघत.*

ताईनं फोन हातात घेऊन ते दोनदा वाचलं. "हे तू त्याला माफी म्हणून पाठवलंस?"

"माफीच आहे ती!"

"भुंग्या, ही माफी नाही. हा शोकसंदेश आहे. त्यानं एकच गोष्ट मागितली होती ना तुझ्याकडे?"

ती पलंगावर बसली, उठली, पुन्हा बसली. "मग काय करू?"

"बोल त्याच्याशी. नुसतं बोल. माणसं बोलतात तसं."

"चालीशिवाय?"

"चालीशिवाय. आणि ऐक, हे गाणं सोडलंस तर तू वेडी आहेस. त्याला सोडलंस तर जास्त वेडी. कुठलं वेड परवडतं ते तूच बघ."

गुरुवारी ती दवाखान्यात गेली. गिटार न घेता. हातांचं काय करावं तेच कळेना, म्हणून तिनं ते कोटाच्या खिशात कोंबले. बाहेरच्या बाकांवर कानाची यंत्रं लावलेली, लावायला आलेली, लावून वैतागलेली माणसं बसली होती. ती एका आजी-आजोबांच्या शेजारी टेकली. तेवढ्यात दार उघडून तो बाहेर आला. हातात फाइल, कानामागे पेन्सिल.

"पुढचं कोण?" म्हणाला, आणि त्याला ती दिसली.

ती उठली. "मला... एक सांगायचंय."

"इथे?"

"आत नको. आत मी गाईन."

तो थांबला. ती अगदी हळू बोलायला लागली, "मी ते गाणं शनिवारी..."

"मोठ्यानं बोल गं!" आजोबा गरजले.

"मी ते गाणं गाणार नाही!" ती ओरडली. सगळा बाक वळला. आता मागे फिरायला जागा नव्हती. "ते चांगलं आहे. माझं सगळ्यात चांगलं आहे, आणि ते खोटं आहे. तू गेला नाहीस. मीच तुला घालवत होते, मला गाणं हवं होतं म्हणून. मला... कसं सांगू... मला नुसतं असता येत नाही रे. काहीतरी मोडलं की मला काम सापडतं. पण तू मोडायला नकोस. तू मला हवा आहेस. रविवारी, मंगळवारी, दाढी वाढलेला, बस चुकलेला, सर्दी झालेला. मग नाही आलं गाणं तर नाही येणार. पोस्टरवर ताई आठाचे सात करेल. शिव्या देईल, पण करेल."

तिचा श्वास संपला. एका ओळीचंसुद्धा यमक जुळलं नव्हतं.

"काय म्हणाली ती?" आजोबांनी विचारलं.

"तो हवाय म्हणाली!" आजींनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"मग पुढचं हिलाच घे रे. माझा कान काय, पळून जात नाही."

तो दारातच उभा होता. फाइल छातीशी धरलेली, उलटी. "घाबरलो होतो मी," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, पेशंटांशी बोलून बोलून त्याची सवयच ती. "तुझ्यावर रागावलो नव्हतो. वाटलं, मी पण संपलो. साडेतीन मिनिटं झाली."

"मग आता... जाशील?"

"कुठे जाणार? सहापर्यंत पेशंट आहेत."

"आणि सहानंतर?"

त्यानं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. मग एक पाऊल पुढे येऊन तिच्या खिशातला एक हात बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाला. इतकं हळू, की त्या अख्ख्या दवाखान्यात ते फक्त तिलाच ऐकू गेलं.

"काय म्हणाला? काय म्हणाला?" आजोबा अर्धे उठले.

आजींनी तिच्याकडे पाहिलं. ती लाल झाली होती, आणि हलत नव्हती. अजिबात हलत नव्हती.

"आपल्याला नाही म्हणाला," आजींनी सांगितलं, आणि आजोबांना ओढून खाली बसवलं.