त्रुटी सातशे बारा आणि आईची भाजणी

चंद्रावरच्या तळावर वर्षभरासाठी निघालेल्या माणसाला घरचं एक किलो खाणं नेता येत असे. अबोलीच्या आईने थालीपिठाची भाजणी मागितली होती. बाबांनी सकाळीच धान्यं, डाळी आणि धणे खमंग भाजले आणि दळून आणायचं काम अबोलीवर सोपवलं. आईची गाडी पाचला येणार होती, आणि आता चार वाजले होते.

गल्लीतली गिरणी स्वयंचलित होती. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी असा क्रम ती आपली आपणच लावायची. अबोलीने डबा ओतला. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘त्रुटी ७१२. काहीतरी चुकलं आहे. योग्य कृती करून पुन्हा प्रयत्न करा.’

आता यातून कुणी काय समजायचं? काय चुकलं, कुणाचं चुकलं, काहीच पत्ता नाही. अबोलीने डबा पुसून धान्य पुन्हा ओतलं. तेच. हात धुऊन आली. तेच. सातशे बारा हे वजन असेल म्हणून काट्यावर तोलून बरोबर सातशे बारा ग्रॅम टाकलं. तरी तेच. शेवटी तिने गिरणीची माफीसुद्धा मागितली. आई भाजणीशिवाय जाणार आणि तेही आपल्यामुळे, या विचाराने तिला रडूच फुटलं.

समोरच कुमुदमावशी राहायच्या. गिरणीची आज्ञावली (यंत्राने पायरीपायरीने काय करायचं त्याची यादी) त्यांनीच लिहिली होती. अबोलीने त्यांना हाताला धरून आणलं. संदेश वाचून मावशी चांगल्याच ओशाळल्या.

“माझं काय चुकलं, मावशी?”

“तुझं काही नाही गं. हे वाक्य मीच लिहिलंय.”

मग त्यांनी झाकण उघडून संवेदक (यंत्राचा डोळाच म्हणा ना) दाखवला. तो दाण्यांचा रंग आणि आकार पाहतो आणि यादीतल्या चौदा धान्यांशी ताडून बघतो. खडा आला, डबा रिकामा राहिला, अशा ज्या अडचणी मावशींना सुचल्या, त्यांचे संदेश त्यांनी वेगवेगळे लिहिले होते. न सुचलेल्या सगळ्या अडचणींसाठी मात्र हे एकच वाक्य. सातशे बारा हा गिरणी जिथे अडली त्या ओळीचा क्रमांक. तो दुरुस्त करणाऱ्याला उपयोगी, अबोलीला नाही. भाजणीत एकदम सात जिन्नस, त्यामुळे ती कशाशीच जुळेना.

“म्हणजे तिला भाजणी ठाऊकच नाही?”

“नाही. आणि ठाऊक नाही हे सांगायला मी तिला शब्दही दिले नाहीत.”

“मग आता देऊ या.”

अबोली सांगत गेली, मावशी लिहीत गेल्या. साडेचारला पडद्यावर नवा संदेश आला : ‘हे धान्य मला ओळखता येत नाही. तुमची चूक नाही. हे काय आहे, सांगता का?’ अबोलीने सांगितलं आणि गिरणी घरघरू लागली. गाडी दारात आली तेव्हा आईच्या हातात डबा होता, अजून गरम.

तीन आठवड्यांनी चंद्रावरून आईचा निरोप आला. तळावरच्या शेगडीने थालीपीठ पाहताच लाल दिवा लावून ‘त्रुटी ४०’ म्हटलं होतं आणि भुकेले शास्त्रज्ञ आपलं काय चुकलं ते शोधत बसले होते. आईने शेगडीला विचारायला शिकवलं, तेव्हा कुठे ते भाजलं गेलं. पुढे आईने लिहिलं होतं, “इथल्या यंत्रांना अजून खूप काही ठाऊक नाही. थोडं तुझ्यासाठी शिल्लक ठेवते.”

अबोलीने त्याच दिवशी यंत्रांना शिकवायच्या गोष्टींसाठी एक कोरी वही काढली आणि पहिल्या ओळीवर लिहिलं : थालीपिठावरचं लोणी.