बाराव्या खुर्चीवरचा

पहिल्या भेटीत मी त्याला आजोबा म्हणाले. हजेरीत अकरा नावं, खुर्च्या बारा, आणि बाराव्या खुर्चीवर पाठमोरं कुणीतरी बसलेलं. मी मागूनच विचारलं, "आजोबा, नवीन का?"

तो वळला. तिशीतला असेल. हातात कानाचं इवलंसं यंत्र होतं.

"नवीन आहे खरा," तो म्हणाला, "पण आजोबा व्हायला… थोडा वेळ द्याल का?"

ज्येष्ठांच्या केंद्रात दर मंगळवारी मी एक गट चालवायचे. काम सुटलं, जोडीदार गेला, मुलं लांब राहिली, की माणूस स्वतःलाच अडगळ समजू लागतो. ते थांबवायचं, एवढंच त्या गटाचं काम. तो आमच्याच ज्येष्ठांची कानाची यंत्रं तपासायला आला होता आणि शेजारची खोली सोडून चुकून आमच्याकडे शिरला होता. पण त्या दिवशी जोड्या लावायच्या होत्या आणि शिंपीकाका एकटे उरत होते. मी म्हटलं, आता बसाच.

गटाचा एकच नियम होता. समोरच्याने आपल्याबद्दल काही चांगलं सांगितलं, की "छे हो", "कसलं काय" असं काही म्हणायचं नाही. फक्त म्हणायचं – "पोचलं." ऐकायला सोपं वाटतं, पण एका आजींना तो शब्द उच्चारायला तीन मंगळवार लागले आणि चौथ्याला त्या तो म्हणता म्हणता रडल्या. शिंपीकाका तर हट्टालाच पेटलेले. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी सुई धरली नव्हती. कुणी काही चांगलं बोललं की ते मान हलवत आणि म्हणत, "छे."

तो मात्र दर मंगळवारी येऊ लागला. आधी शेजारच्या खोलीत यंत्रं पुसायची, त्यांचा आवाज जुळवायचा, मग आमच्या बाराव्या खुर्चीवर येऊन बसायचं. केंद्रात सगळे मला ताई म्हणत, अगदी ऐंशीच्या आजीसुद्धा. तो एकटा म्हणत नसे.

"का हो, तुम्हाला ताई म्हणायला काय होतं?"

"तेवढं सोडून काहीही म्हणेन," तो चहात बघत म्हणाला. "सांगा, काय म्हणू?"

मी लाजले आणि लाजल्याचा मलाच राग आला. परतताना पाऊस लागला तर छत्री एकच असायची – त्याची. थांब्यावर पोचेपर्यंत त्याचा डावा खांदा भिजून चिंब, माझे दोन्ही कोरडे. मला ते दिसायचं… आणि मी स्वतःला समजवायचे, की हा सगळ्यांशीच असा वागतो. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याशीसुद्धा हा इतक्याच मायेनं बोलतो. आपण हुरळून जायचं नाही. आमच्या घरी कौतुकाची माझी बहीण होती. माझ्याबद्दल आई म्हणायची, "हिचं काय, ही भागवून घेते." मी खरंच भागवून घ्यायला शिकले होते.

मग त्याची बदली झाली. त्याने ती सांगितली आणि लगेच म्हणाला, "मला एक बोलायचंय. पण मंगळवारी, गटात. तिथे तुमचा नियम आहे, तुम्हाला पळता येणार नाही."

मी आठवडाभर नीट झोपले नाही.

मंगळवारी त्याची पाळी आली. तो उठून उभा राहिला. अकरा जण त्याच्याकडे वळले.

"आठ वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला, "तरी कुणाचा कुठला कान चांगला, ते मला कागदात बघावं लागतं. तुम्हाला पाठ आहे. तुम्ही खुर्ची ओढून नेमकं त्याच बाजूला बसता. कुणी सांगितलेलं नाही… मला आयुष्यभर तुमच्या बाजूला बसायचंय."

मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो मी दर आठवड्याला अकरा माणसांना शिकवत होते. तोंडातून निघालं, "छे हो… तुमचं आपलं काहीतरीच." वर हसलेसुद्धा.

कुणी हसलं नाही. तो पिशवी उचलून हळूच म्हणाला, "ठीक आहे." शिंपीकाका माझ्याकडे बघत राहिले.

दहा दिवसांनी धीर करून मी फोन केला. तो म्हणाला, "मी पुन्हा विचारणार नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर ती विनवणी होईल, आणि तुम्ही दया म्हणून हो म्हणाल. तुम्हाला काही सांगायचं असेल… तर ऐकतोय."

तो खरंच ऐकत होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि मी विचारलं, की शिंपीकाकांच्या यंत्राची बॅटरी कधी बदलायची. त्याने व्यवस्थित सांगितलं. मी लिहूनही घेतलं.

चार महिने गेले. त्याच्या जागी आलेली मुलगी एका मंगळवारी यंत्र पुसता पुसता सहज म्हणाली, की त्याचं लग्न ठरलं. मी "छान" म्हटलं आणि खोलीत येऊन सवयीने बारा खुर्च्या मांडल्या.

त्या दिवशी शिंपीकाकांची जोडी माझ्याशी होती. त्यांनी आदल्या आठवड्यात थरथरत्या हातांनी माझ्या बाहीचं बटण लावून दिलं होतं. मी म्हटलं, "काका, एवढं पक्कं बटण मला कुणी लावून दिलं नाही."

त्यांनी बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघितलं. "पोचलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता तुम्ही, ताई. त्या दिवसाचं राहिलंय."

मी बाराव्या खुर्चीकडे बघितलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"पोचलं."

अकरा माना खाली गेल्या. त्यानेच जुळवून दिलेल्या यंत्रांतून सगळ्यांना ते स्वच्छ ऐकू गेलं होतं.