घामावरची फुलपाखरं

फुलपाखरं बघायला माणसाने पहाटे उठून दोन तास गाडीत बसावं, हे राजसला मुळीच पटलेलं नव्हतं. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, आणि त्याने तर गेले कित्येक महिने मिठाची गुळणी धरलेली. बायकोने, यामिनीने, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, तसा तो निमूट मिनीव्हॅनच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

फ्रीमाँटमधली त्याची नोकरी गेली तेव्हा दोघं ॲरिझोनात, चॅण्डलरला आले. ‘आगीतून फुफाट्यात’ असं यामिनी पहिल्या उन्हाळ्यात हसून सांगायची. आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. काल डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता राजस म्हणाला होता, “दिवाळीनंतर मी पुण्याला परत जातोय. एकटाच.” तिने कारण विचारलं, तर म्हणाला, कारण असं काही नाही. याहून वाईट उत्तर असतं का? तरी एक वेडी आशा तिने धरून ठेवली होती. चार माणसांत चालेल, बोलेल, उन्हात जरा सैल होईल. आजच्या दिवसात त्याचं मन वळवायचं होतं.

सहल कादंबरीची होती. ऑफिसात ती यामिनीच्या शेजारी बसे आणि सुट्टीच्या दिवशी फुलपाखरांमागे धावे. गाडी चालवायला आणि पाणी उचलायला तिचा नवरा एकनाथ. शिवाय नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली तिची आई, सरलाकाकू. पारा चाळिशीला टेकला तरी “चांगलं ऊन आहे” म्हणणाऱ्या बाई त्या. हातात काठी घेऊन त्या सगळ्यांच्या पुढे निघाल्या.

ट्यूसॉनच्या बऱ्याच पुढे ती कॅन्यन होती. दोन्ही बाजूंना तांबूस कडे, कड्यांवर हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग, आणि तळाशी ओढ्याची वाळू. उन्हाळी पाऊस नुकताच सरला होता. ओढा आटला असला तरी एका वळणावर वाळू अजून ओली होती, आणि तिच्यावर पिवळी, केशरी, काळी, तपकिरी फुलपाखरं दाटीवाटीने बसली होती.

“हा केशरी आपल्याकडच्या कडवा फुलपाखराचा चुलतभाऊ,” कादंबरी कुजबुजली. “मीठ पितायत सगळी. ओल्या वाळूत असतं ना. आणि ती तपकिरी तर आपल्या घामावरही बसतात. हलू नका, येतील बघा.”

आणि आलीच. एकनाथच्या मानेवर, यामिनीच्या मनगटावर, काकूंच्या कपाळावरसुद्धा एक.

“हळदीकुंकू झालं गं माझं परदेशात!” काकू म्हणाल्या, तसे सगळे हसले. राजस सोडून. यामिनीने वळून पाहिलं तर तो कॅन्यनच्या आतल्या, अरुंद भागाकडे बघत होता.

“मी जरा पुढे जाऊन येतो,” तो म्हणाला.

“मी येऊ?”

“प्लीज, यामिनी.”

ती तिथेच बसली. मागोमाग गेलं असतं तर पुन्हा तोच विषय निघाला असता, आणि तिला ते ऐकवलं नसतं. त्याची घामाने भिजलेली पाठ खडकाआड गेली.

थोड्या वेळाने वाळूवरची सगळी फुलपाखरं एकदम उठली. वारा नव्हता, कोणी हललं नव्हतं. ती गुडघ्याइतक्या उंचीवर नुसती फडफडत राहिली, मग पुन्हा जिथल्या तिथे बसली. कादंबरीने कॅमेरा खाली घेतला.

“असं करत नाहीत ही,” ती म्हणाली.

तेवढ्यात मागून शीळ ऐकू आली. राजस येत होता. पण गेला होता त्या बाजूने नव्हे, तर गाडी लावली होती त्या बाजूने.

“अगं बाई, हा तिकडून कसा आला?” काकूंनी विचारलं.

“वरून फिरून येणारा लूप असेल एखादा,” एकनाथ म्हणाला.

“नाहीये,” कादंबरी म्हणाली. पण कोणी तिचं ऐकलं नाही, कारण राजस हसत होता. यामिनीशेजारी बसकण मारून त्याने तिचा हात हातात घेतला.

“सॉरी यार,” तो म्हणाला. “कालचं विसर. मी कुठेही जात नाहीये.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती दिवसांनी! मग तो काय बोलत सुटला! एकनाथची टिंगल केली, काकूंना काठी घेऊन लेझीम खेळायला सांगितलं, यामिनीच्या केसांतलं वाळलेलं पान अलगद काढलं. लग्नाच्या आधीचा राजस असाच होता. हरखून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्याचा हात गार होता. एवढ्या उन्हात गार, आणि कोरडा.

शर्टही कोरडा होता. मघाशी भिजलेला तोच निळा शर्ट आता घडीतून काढल्यासारखा दिसत होता. वाळला असेल, तिने मनाला समजावलं. इथली हवाच तशी.

एक तपकिरी फुलपाखरू तिच्या मनगटावरून उडालं, त्याच्या मानेपर्यंत गेलं आणि हवेतल्या हवेत मागे फिरलं. मग दुसरं, तसंच. एकनाथच्या मानेवर चार बसली होती. राजसवर एकही नव्हतं.

“याला नाही वाटतं मीठ?” काकू थट्टेने म्हणाल्या. राजस त्यांच्याकडे बघून गोड हसला. काकूंच्या तोंडावरचं हसू मात्र मावळलं. त्या उठल्या, काठी उचलली.

“चला आता,” त्या म्हणाल्या. “बस झालं.”

परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. गाडीत सकाळी त्या राजसच्या शेजारी बसल्या होत्या. आता पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

एकनाथने गाडी सुरू केली आणि तेव्हाच कॅन्यनमधून आवाज आला.

लांबचा, कड्यांवर आपटून फाटलेला. शब्द कळत नव्हते.

कादंबरीने काच खाली केली. “कोणी हाक मारतंय का?”

“आपण तर सगळे आहोत,” एकनाथ म्हणाला. “दुसरी गाडीही नाही इथे.”

पुन्हा आवाज आला. यामिनीला तो ओळखू आला. ओरडताना शेवटाला चिरकणारा आवाज. सहा वर्षं तिने तो ऐकला होता.

तिने शेजारी पाहिलं. राजस तिच्याकडेच बघत होता, शांतपणे. त्याने हात पुढे केला नाही, काही समजावलं नाही.

“तू म्हणशील तसं,” एवढंच तो हळूच म्हणाला.

“यामिनी, तुला काय वाटतं?” कादंबरीने विचारलं. “जाऊन बघायचं का?”

दार उघडावं, धावत सुटावं, असं यामिनीला वाटलं. खरंच वाटलं. मग डोळ्यांसमोर दिवाळीनंतरचं घर आलं. एक ताट, एक चहाचा कप.

“कायोटी असतील, कोल्हेकुई चाललीय,” ती म्हणाली. “काच लाव ना, एसी जातोय.”

पुढे काकूंनी डोळे मिटून घेतले.

काच वर गेली. गाडी खडीवरून हलली, वळली. काचेतूनही बारीक ऐकू येत होतं, आणि आता त्यात तिचं नाव होतं.

राजसने तिचा सीटबेल्ट नीट केला आणि तिच्या कानाशी वाकला.

“संध्याकाळपर्यंत थांबेल तो आवाज,” तो अगदी मायेने म्हणाला.