रशिदाचे मातीचे डोहाळे

ही घडलेली गोष्ट आहे. पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी राहू गावी जाऊन रशिदाला विचारावं.

साल १९९९. एप्रिल महिना. गाव निमोणे, तालुका शिरूर.

आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

रशिदाला सहावा महिना लागला होता. राहूची ही लेक लग्न होऊन निमोण्यात आली, त्याला वर्षही झालं नव्हतं. नवरा शेखलाल रांजणगावला कंपनीत फर्स्ट शिफ्टला जायचा. घरी ती आणि सासू, राबियाबी.

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रक्त फक्त सात आहे. माती खातेस का गं?"

रशिदानं मान खाली घातली. खावीशी वाटायची. भिंतीच्या पांढऱ्या मातीवर पाणी शिंपडलं की त्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. पण अल्लाची शपथ, तिनं एकदाही खाल्ली नव्हती.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, सगळं सुरू झालं.

एका दुपारी जेवून ती मधल्या खोलीत पडली. डोळा लागला.

उठली तेव्हा... दाताखाली कचकच झाली.

माती.

चूळ भरली, तर पाणी गढूळ पडलं. तिनं हात बघितले. नखं स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी ती झोपलीच नाही. नुसते डोळे मिटून पडून राहिली. लाइट गेलेली. पंखा बंद. ओसरीवर सासू घोरत होती.

मागच्या खोलीतून आवाज आला...

खर्र... खर्र...

नखानं भिंत खरवडावी तसा.

त्या खोलीला कायम बाहेरून कडी असायची. आत ज्वारीच्या कणग्या. उंदीर असेल, असं म्हणत ती उठली. कडी काढली.

आवाज थांबला.

आत कुणीच नव्हतं. पण कणगीच्या मागं, खाली बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, भिंत खरवडलेली होती. दगड उघडे पडलेले. खाली मातीचा भुगा... ताजा.

आणि रशिदाच्या जिभेवर तीच चव आली.

ती किंचाळली. राबियाबी धावत आली, भिंत बघितली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"मेल्यावर बी हिचं खूळ जाईना!"

"कुणाचं?"

सासूनं पदराचा बोळा तोंडात धरला.

रशिदा तशीच वाटेपलीकडच्या सोजरबाईकडं गेली. म्हातारीनं आधी उडवाउडवी केली. मग हळूच म्हणाली,

"जैतून. शेखलालची पयली बायकू. तिला बी सहाव्यात मातीचं डोहाळं लागलं. दवाखान्यात न्यायचं सोडून ह्यांनी तिला त्या खोलीत कोंडली. माती खाऊ ने म्हणून. पोरीनं आतली भिंतच खाल्ली गं. पांढरीफटक पडली व्हती. मग एका दुपारी भिंत खरवडायचा आवाजच बंद झाला."

रशिदाच्या पोटात बाळ हललं.

हे आपलं पहिलंच लग्न, असं शेखलालनं तिला सांगितलं होतं.

तो कामावरून आला तशी तिनं त्याला दारातच गाठलं. शेखलालनं नजर चुकवली.

"मी कुठं फसवलं? तुझ्या अम्मीला समदं ठाऊक हाय."

सासरच्यांनी लपवलं, ते एकवेळ समजण्यासारखं होतं. पण अम्मी?

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून ती एकटी राहूला गेली. अम्मी गहू निवडत होती.

"अम्मी, तुला ठाऊक होतं?"

अम्मीचा हात सुपातच थांबला.

"स्थळ चांगलं व्हतं. तुला सांगायचा धीर झाला न्हाई. पण मी सांगावा ठेवला व्हता, पोरी."

"कुणाजवळ?"

"निकाहानंतर निमोण्याला आले व्हते, तवा. तुमच्या मागल्या दारी एक बाई बसली व्हती. पोटुशी. शेजारीण वाटली. म्हणलं, माझ्या पोरीला हळूहळू सांग. तर म्हणाली... आता नगं. तिला सहावा लागला की मीच सांगते."

त्या घराच्या मागं शेजार नव्हता. नुसतं रान होतं.

रशिदा निमोण्याला परत गेली नाही. राहूतच तिला मुलगी झाली. चांगली अडीच किलोची. जायला दुसरं घर नव्हतं, म्हणून ती अम्मीजवळच राहिली. पण अम्मीनं ताट वाढलं की ती आधी विचारायची, "अजून काही सांगायचं राहिलंय का?"

अम्मी दर वेळी नाही म्हणायची.

मुलगी रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. रशिदानं असंच विचारलं, आणि अम्मी नाही म्हणाली नाही. ती रशिदाच्या मागं, उघड्या दाराकडं बघत होती...

"आधी पोरीला आत घे," ती म्हणाली.

रशिदानं धावत जाऊन उंबऱ्यापलीकडची पोर उचलली. बाहेर कुणी नव्हतं.

अम्मी पुढं आठ वर्षं जगली. त्या दिवशी दारात काय दिसलं, ते रशिदानं तिला कितीदा विचारलं असेल.

शेवटपर्यंत तिनं सांगितलं नाही.