जीपचा पंखा आणि अखाजीची घागर

ही गोष्ट खरी आहे.

कोणाला पटो, न पटो. माझ्या आईनं ती आपल्या डोळ्यांनी पाहिली, आणि माझी आई चेष्टेतसुद्धा खोटं बोलत नाही.

रात्रीची वाट पाहू नका. रात्र नाही, अमावस्या नाही. भर दुपारचे साडेबारा. सन १९५८, अखाजीचा दिवस. वर्धा जिल्ह्यातलं जाम, हमरस्त्याच्या कडेचं एक कडुनिंबाचं झाड.

त्या झाडाखाली, घराच्या दारातच, माझे आजोबा, नत्थूजी, गाड्या दुरुस्त करायचे.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे अखाजी म्हणतात. घरातलं जे माणूस गेलं, त्याच्या नावानं त्या दिवशी मातीची नवी घागर पाण्यानं भरून ठेवतात. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागते, असं आमचे लोक मानतात. सूर्य मावळेपर्यंत त्या घागरीला कोणी हात लावत नाही.

त्या वर्षीची घागर देवकाबाईची होती. नत्थूजींच्या बायकोची. तिची ती पहिलीच अखाजी.

देवकाबाई गेली ती आदल्या वर्षी, वैशाखात. तिला ऊन लागलं. ओकाऱ्या, ताप, डोळे वर गेलेले. बैलगाडीनं वर्धा गाठायची म्हणजे रात्र झाली असती. गावात एकच जीप होती, मधुकररावांची, लष्कराच्या लिलावात घेतलेली. मधुकररावांनी लगेच दिली. माणूस बडबड्या, पण मनाचा मोकळा.

नत्थूजींनी स्वतः चालवली. देवकाबाई मागच्या सीटवर आडवी. सोबत पाण्याचा एक डबा.

अर्ध्या वाटेत जीप तापली. बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी उभी राहिली. आजूबाजूला बाभळी. विहीर नाही, माणूस नाही.

देवकाबाई मागून म्हणाली, "थोडंसं पाणी देता काय?"

नत्थूजींच्या हातात डबा होता. ते म्हणाले, "पयले गाडीले देतो. गाडी चालली तं तू पोचशीन."

आणि अख्खा डबा रेडिएटरमध्ये ओतला.

गाडी चालली. वर्ध्याला दवाखान्याच्या दारात बरोबर पोचली. त्यांनी मागं वळून पाहिलं तर देवकाबाईचं तोंड उघडं होतं, आणि ओठ वाळून पांढरे पडले होते.

तेव्हापासून नत्थूजी रडले नाहीत. बोलणं मोजकंच. जेवायला वाढलं की जेवायचे. एकदा जॅक सटकून अंगठ्याचं नख उपटलं, तर ते संध्याकाळी शेजाऱ्यांनी दाखवल्यावर त्यांना कळलं. लोक म्हणायचे, माणूस दगड झाला. मला तसं वाटत नाही. दगडाला निदान ऊन तरी लागतं.

अखाजीला माझी आई माहेरी आली होती. कोकिळा तिचं नाव. लग्नाला दोन वर्षं झालेली. सकाळी तिनं कुंभाराकडून लहानशी घागर आणली, रस्त्यापलीकडच्या विहिरीचं पाणी भरलं. वर झाकण म्हणून एक पाडाचा आंबा ठेवला. आणि घागर ठेवली कडुनिंबाच्या बुंध्याशी, कारण दिवसभर सावली फक्त तिथं राहायची.

त्या जागेवर नत्थूजींची पाण्याची बादली असायची. कोकिळानं ती उचलून पलीकडे ठेवली.

"बाबा, हे आईचं पाणी हाय," ती म्हणाली. "दिवस बुडेपर्यंत हात नोको लावजा."

"नाई लावत," नत्थूजी म्हणाले.

ती पुरणाचं पाहायला आत गेली.

बाराच्या सुमारास रस्त्यावर वाफेचा लोट दिसला. त्याच्या मागून मधुकररावांची जीप आली.

तीच जीप.

"नत्थूजी, आता ह्या गाडीचा काई तरी बंदोबस्त करा बाप्पा," मधुकरराव उतरता उतरताच म्हणाले. "चार वाजता नवरदेव घेऊन समुद्रपूरले जायचं हाय. वाटेत उभी राह्यली तं मुहूर्त जाईन अन् लोकं मलेच शिव्या देतीन."

त्यांच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काही होतं. नागपूरच्या भंगार बाजारातून आणलेला एक छोटा पंखा. लष्करी ट्रकमधला, बॅटरीवर चालणारा.

"हा समोरून बसवून द्या. इंजिनचा पंखा मागून वारा ओढते, हा समोरून मारीन. दोन पंखे असले तं कशी तापते पाहू."

कल्पना चांगली होती. नत्थूजींनी मान हलवली आणि कामाला लागले. ह्याच जीपमध्ये बायको गेली, हे त्यांच्या मनात आलं का? ते पुढे आईला म्हणाले होते, की आलं. पण दुसऱ्या कोणाची तरी बायको गेल्यासारखं आलं.

त्यांनी समोरची जाळी काढली. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे वाकवले, भोकं पाडली, पंखा रेडिएटरच्या समोर बसवला. पाती हातानं फिरवून पाहिली. कुठं घासत नव्हती. एक तार इंजिनच्या लोखंडाला जोडली. दुसरी बॅटरीकडे न्यायची बाकी होती, आणि तिचं टोक त्यांनी डाव्या हातात धरलं होतं.

रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी जवळजवळ उडून गेलं होतं.

आता इथं नीट ऐका.

मेकॅनिक माणूस काम करताना पाणी शोधत नाही. नजर झाकणाच्या तोंडावर असते. हात आपसूक तिकडे जातो, जिथं रोज बादली असते.

नत्थूजींचा उजवा हात बुंध्याकडे गेला.

बोटांना बादलीची कडी लागली नाही. मातीचा गार, ओला गळा लागला…

तरी हात थांबला नाही.

त्यांनी घागर उचलली आणि रेडिएटरमध्ये ओतली. सगळी. शेवटच्या थेंबापर्यंत.

आंबा घरंगळत त्यांच्या पायाशी आला. तो पाहिल्यावर त्यांना समजलं.

दुसऱ्यांदा. तेच पाणी, तीच गाडी, तेच हात.

कोकिळा दारात उभी होती. तिच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. "बाबा, हे काय केलं तुमी?" ती म्हणाली.

नत्थूजींनी रिकाम्या घागरीत पाहिलं. त्यांना काहीच वाटलं नाही. वाटत नाही ह्याची मात्र भीती वाटली, असं त्यांनी नंतर सांगितलं.

आणि तेवढ्यात…

पंखा फिरू लागला.

इंजिन बंद होतं. तारेचं टोक अजून नत्थूजींच्या डाव्या हातात होतं. आधी हळू, मग जोरात.

"वारं असन," मधुकरराव म्हणाले.

वारा नव्हता. कडुनिंबाचं एक पान हलत नव्हतं.

पंख्याचा झोत अंगावर आला. अखाजीच्या दुपारी, रेडिएटरमधून, तापलेल्या इंजिनावरून येणारा झोत… आणि तो गार होता. नव्या घागरीत पाणी भरल्यावर येतो तसा मातीचा वास होता त्याला.

मधुकररावांच्या तोंडात विडी होती. तिचा धूर झोताबरोबर बॉनेटवरून मागं गेला. मागच्या सीटपाशी थांबला. पुढे जाईना. तिथं कोणी आडवं असावं आणि धूर त्याच्यावरून वळसा घेत असावा, तसा तिथंच राहिला.

मधुकररावांनी विडी टाकली.

मग आवाज आला.

घट… घट… घट…

फार तहान लागलेलं माणूस घाईनं पाणी पितं, तसा. रेडिएटरच्या आतून.

नत्थूजींनी झाकणाच्या तोंडातून आत पाहिलं.

कोरडं. पाण्याचा थेंब नाही.

ते खाली वाकले. गाडीखालची माती कोरडी. पाणी सोडायचा खालचा नळ घट्ट बंद. रबरी पाईप हातानं चाचपले, कुठं ओल नाही.

"फुटला असन रेडिएटर," मधुकरराव म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक कधी कोणी ऐकला नव्हता.

नत्थूजींनी विहिरीवरून बादली भरून आणली. ओतली.

घट… घट… घट…

कोरडं.

दुसरी बादली. तेच.

तिसऱ्या बादलीला आवाज हळू झाला. मग थांबला. रेडिएटर पुन्हा कोरडा, पण आवाज नाही. पंखा मात्र फिरतच होता.

कोकिळा मागच्या सीटजवळ गेली. सीटच्या कापडावर एक गोल ओला डाग होता. ओली घागर ठेवल्यावर तिच्या बुडाचा पडतो तेवढाच. घागर तर त्या सीटवर कोणी ठेवली नव्हती.

तिनं डागाला हात लावला. मग तोंडावर पदर घेऊन ती रडली. नत्थूजी तिच्याकडे नुसते पाहत राहिले.

"जा तुमी," ते शेवटी मधुकररावांना म्हणाले. "नवरदेव वाट पाहून राह्यला असन."

"अशी? बिनपाण्याची?"

"आता नाई तापत ते."

मधुकररावांनी देवाचं नाव घेऊन जीप सुरू केली. दुसरी गाडी गावात नव्हती. नवरदेव, करवली आणि स्वतः मधुकरराव. मागच्या सीटवर त्यांनी कोणाला बसू दिलं नाही. समुद्रपूरला गेले, रात्री परत आले. रेडिएटर कोरडा. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. तार शेवटपर्यंत जोडली नव्हती, आणि पंखा थांबला नव्हता.

परत आल्यावर त्यांनी जीप कडुनिंबाखाली उभी केली तेव्हा तो थांबला.

"पाणी घेतलं, अन् वारा देल्ला तिनं," मधुकरराव म्हणाले. "हिशोबाची बाई होती."

आठ दिवसांत त्यांनी जीप विकून टाकली. पंखा काढून नत्थूजींना देऊन गेले. नत्थूजींनी तो बुंध्याला खिळ्यावर अडकवला. तो पुन्हा कधी फिरला नाही, बॅटरीला जोडूनसुद्धा.

पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात नत्थूजी आजारी पडले. थंडीचे दिवस. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी घशात घरघर. कोकिळा उशाशी होती. तोंडात पाणी घालायला तिनं गडू उचलला.

रिकामा होता.

तिनं आत्ताच भरला होता. पुन्हा भरला, उशाशी ठेवला, चमचा घ्यायला वळली.

रिकामा.

"बाबा, गडू गळते वाटते," ती म्हणाली.

नत्थूजींनी डोळे उघडले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. अडीच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गळत नाई, माय," ते म्हणाले. "तिले पिऊ दे."

कोकिळानं तिसऱ्यांदा गडू भरला. आणि ह्या वेळी हातातून सोडला नाही. चमचा ओठांपर्यंत नेला. नत्थूजींनी तोंड मिटून घेतलं.

त्यांचे ओठ शेवटपर्यंत कोरडेच राहिले.

आई आता थकली. अखाजीच्या घागरी मी भरतो. दोघांच्या दोन. एकाच कुंभाराच्या, एकाच भट्टीतल्या. एकाच सावलीत शेजारी शेजारी ठेवतो.

देवकाबाईची घागर संध्याकाळी अर्धी झालेली असते. माती पाझरते, उन्हानं पाणी उडतं, हे मलाही कळतं.

पण मग नत्थूजींची तशीच भरलेली का राहते…

गेल्या वर्षी मी घागरींच्या जागा बदलून पाहिल्या. संध्याकाळी आंबा उचलला आणि पाहिलं. आजोबांच्या घागरीतलं पाणी काठाशी होतं, सकाळी ओतलं होतं तेवढंच.