आकडा नसलेला मजला

‘नीलशिखर’च्या लिफ्टला बटणं नव्हती. माणूस आत शिरला की ती त्याला चालीवरून ओळखायची, त्याच्या रोजच्या सवयींवरून अंदाज बांधायची आणि काही न विचारता हव्या त्या मजल्यावर नेऊन सोडायची. त्यामुळे मजल्यांचे आकडे पत्त्यापुरते उरले होते. तसे ते खरे कधी नव्हतेच. बिल्डरने चौथा मजला गाळला होता, कारण काही परदेशी गिऱ्हाइकांना चार अशुभ वाटायचा. तेरावा गाळून ‘बारा-अ’ लिहिण्याचं कारण कुणी विचारलंही नाही. पुढेही इमारत उंच वाटावी म्हणून आकड्यांनी अधूनमधून उड्या घेतल्या होत्या. सगळ्यात वरच्या घराची पाटी त्रेसष्ट म्हणायची. मोजलं असतं तर पन्नाशी भरली नसती. पण मोजतो कोण?

हेमंत राऊळ सेहेचाळिसाव्यावर मुलगा-सुनेकडे राहत. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. पत्नी गेल्यापासून दुपार अंगावर येई. मुलगा जहाजावर, महिनोन्‌महिने बाहेर. सून तन्वी सकाळी जाई ती दिवेलागणीला परते. मग राऊळसर चपला घालून लिफ्टमध्ये शिरत. खाली जात, काहीतरी विसरल्यासारखा खिसा चाचपत आणि तसेच वर येत. लिफ्टमध्ये कुणीतरी शेजारी उभं असे, तेवढंच. बोलण्याचं धाडस मात्र होत नसे. ‘आज उकडतंय, नाही?’ हे वाक्य ते मनात जुळवून तयार ठेवत, आणि ते ओठांवर येईपर्यंत शेजारचा माणूस उतरून गेलेला असे.

एका दुपारी लिफ्ट मध्येच थांबली. दार उघडलं आणि भसकन वारा आत आला. समोर घरं नव्हती, की दारं नव्हती. नुसतं सिमेंटचं मोकळं पटांगण, भिंतीच्या जागी कठडा, आणि पलीकडे भांडुपची मिठागरं व खाडी. खांबावर आकडा नव्हता. ‘आश्रय मजला’ एवढंच लिहिलं होतं. आग लागली तर वरच्या लोकांनी येऊन थांबावं म्हणून कायद्याने रिकामा ठेवलेला हा मजला. लिफ्ट त्याच्याजवळून रोज जात होती, पण थांबत कधी नव्हती.

“तुम्हालाही सोडलं का हो हिने?”

कठड्याशी एक बाई पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. लिफ्टमध्ये त्यांना पाहिलेलं होतं.

“मी राजश्री मेस्त्री. बारा-अ.”

“म्हणजे तेराव्यावर?” राऊळसर बोलून गेले आणि ओशाळले.

“तेरावाच तो! पण तसं म्हटलं की लोकांना तेराव्याचं जेवण आठवतं. माझा भाऊ म्हणतो, तुझ्या घरी यायचं तर आधी कावळा शिवायला हवा.”

राऊळसर हसले. इतके, की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दुपारी लिफ्टने त्यांना पुन्हा तिथेच सोडलं. हळूहळू आणखी माणसं सापडली: सेवानिवृत्त भूलतज्ज्ञ, गुडघे बदललेले एक शहा, नातवंडं दूरदेशी असलेलं एक जोडपं. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या, कुणी चहाचा थर्मास. राऊळसरांनी वही काढून मिठागरांचे चौकोन रेखाटायला घेतले. दुपार कधी सरायची ते कळेनासं झालं.

आणि मग सोसायटीची सभा लागली. लिफ्टचा हा चुकीचा थांबा बंद करायचा, हाच विषय.

सेक्रेटरी भालेराव माणूस वाईट नव्हता. “आग लागली तर वरची शेकडो माणसं तिथे धावणार,” तो म्हणाला. “आणि वाटेत तुमच्या खुर्च्या! उद्या कुणी अडखळून पडलं तर?”

लिफ्टच्या कंपनीकडून काझी नावाची तरुण इंजिनिअर आली होती. “बिघाड नाहीये,” ती म्हणाली. “तिला एकच काम दिलंय, लोकांचा खोळंबा कमी करायचा. काही माणसं नुसती वर-खाली फिरतात, कुठेच उतरत नाहीत. इतर मजल्यांवर सोडलं की ती लगेच पुन्हा लिफ्ट बोलावतात. आश्रय मजल्यावर सोडलं की तासन्‌तास बोलावत नाहीत. ते ती शिकली.”

“म्हणजे आम्ही अडगळ!” राजश्रीबाई म्हणाल्या. “आणि तिने उचलून माळ्यावर टाकली!”

सगळे हसले. राऊळसर मात्र हसले नाहीत, कारण आता मतदान होणार होतं आणि त्यांच्या या दुपारी हिरावल्या जाणार होत्या. आपण उभे राहिलो आहोत हे त्यांना उभे राहिल्यावरच कळलं.

“खुर्च्या आम्ही आजच नेतो,” ते म्हणाले. “थर्माससुद्धा. मजला सामानापासून रिकामा ठेवायचा ना? आम्ही उभे राहू.”

“सर, पाय दुखतील,” भालेराव म्हणाला.

“दुखले तर घरी जाऊ. घर आहे की.”

भालेरावने काझीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. मतदानाची वेळच आली नाही; थांबा राहिला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी बाकीचे गेल्यावरही राऊळसर कठड्याशी रेंगाळले होते. मिठागरांत शेवटचा उजेड साचला होता. चहा नव्हता, पाय दुखत होते आणि तरी त्यांना फार बरं वाटत होतं. मागे लिफ्टचं दार उघडलं.

तन्वी होती. खांद्यावर ऑफिसची बॅग, गोंधळलेला चेहरा.

“बाबा? हा कुठला मजला? मी घरीच चालले होते. बिघडली वाटतं ही.”

बिघाड नाहीये. काझीचे शब्द राऊळसरांना आठवले. नुसती वर-खाली फिरतात, कुठेच उतरत नाहीत.

“आत्ताच आलीस खालून?” त्यांनी जपून विचारलं.

तन्वी बॅग छातीशी धरून म्हणाली, “दोनदा वर जाऊन आले. आपल्या मजल्यावर दार उघडलं. उतरलेच नाही.”

“आजच?”

ती खाडीकडे पाहू लागली.

सेहेचाळिसाव्यावरच्या त्या घरात रोज रात्री ते दोघं समोरासमोर जेवत होते. ती वाढायची, ते ‘पुरे’ म्हणायचे. खोळंबा मोजणाऱ्या यंत्राला जे दिसलं, ते एका टेबलावर बसून आपल्याला कसं दिसलं नाही?

लिफ्ट दार उघडं ठेवून थोडी थांबली आणि मग रिकामीच निघून गेली.

राऊळसर कठड्याशी जरा सरकले, शेजारी एक माणूस मावेल इतके. वाक्य त्यांनी या वेळी मनात जुळवलं नाही.

“आज वारा छान आहे, नाही?”