दोनशे चाळिसावा खण

घाटेअळ्या एकत्र ठेवता येत नाहीत. हरभऱ्याच्या पिठाच्या आयत्या वड्या पुढ्यात असल्या तरी त्या एकमेकींना खातात. म्हणून परभणीतल्या आमच्या कीटकशाळेत प्रत्येकीला वेगळा खण. एका ट्रेत चोवीस खण, वर काच. ब्रशच्या टोकानं अळी उचलून खणात सोडायचं काम राणीसावरगावच्या वच्छलाबाईंचं. माझ्या हातून रोज एखादी चेंगरते. त्यांच्या हातून अकरा वर्षांत एकही नाही.

नव्या खाद्यावर किती अळ्या जगतात, ही माझ्या पीएच.डी.ची शेवटची चाचणी. दहा ट्रे, दोनशे चाळीस अळ्या. मोजल्या तर एक कमी. शेवटच्या ट्रेचा शेवटचा खण रिकामा होता. त्यात वडी मात्र होती.

"वच्छलाबाई, ही एक विसरलात."

"इसरले न्हाई ताई. ते घर मोकळंच ठिवायचं. रोज घास टाकायचा."

"कुणासाठी?"

"म्या कवा बघितलं न्हाई. पर खातंय."

मी हसले. एखादी सुटलेली अळी असणार. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावून टाकली. सकाळी पट्टी जशीच्या तशी, आणि वडी कोपऱ्यातून कुरतडलेली. अळी खाते तिथं विष्ठेचे दाणे पडतातच. हा खण पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ होता. चार दिवस तेच.

मला उत्तर हवं होतं, पण त्याहून पदवी हवी होती. एक अळी कमी म्हणजे चाचणी बाद, असं सरांनी बजावलं होतं. आणखी एक वर्ष काढायचं बळ माझ्यात नव्हतं. पाचव्या दिवशी त्या खणात मीच अळी सोडली.

वच्छलाबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "घर तर घेतलं ताई. आता त्येनं जावं कुठं?"

काहीच झालं नाही. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस जगल्या. सरांनी पाठ थोपटली.

वसतिगृहात माझ्या खोलीत दोन खाटा आहेत. दुसरी निकिताची. नोकरी लागून ती गेल्यापासून मोकळीच. चाचणी संपली त्या शनिवारी दुपारी खोलीवर आले, तर तिच्या गादीच्या मधोमध खोलगा पडलेला. माझ्या बंद डब्यातली भाकरी काठानं कुरतडलेली. खाली एक कण नाही.

वच्छलाबाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"घास टाकत जावा," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून त्या खाटेवर रोज चतकोर भाकरी ठेवते. महिना झाला. भीती वाटते, पण सवयही झाली आहे.

आज सकाळी वॉर्डनबाईंचा निरोप आला. प्रियांका म्हणून नवी मुलगी येतेय, खाट तयार ठेवा.

दुपारी ती आली. गादी झटकली, आपली चादर अंथरली, बॅग ठेवून जेवायला गेली.

मी चतकोर भाकरी खिडकीत ठेवली.

तासाभरानं पाहिलं. भाकरी तशीच होती.

मी माझ्या खाटेवर भिंतीकडच्या बाजूला झोपते.

आता खोलगा माझ्याच गादीच्या दुसऱ्या बाजूला होता. माझी जागा सोडून.